नानांची जीभ

नवऱ्याचं नाव घेऊ नये, अशी आमच्या वेळची रीत. माझ्या नवऱ्याचं नावच कारभारी. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना सरळ नावानं हाक मारायची आणि सासू शेजारणीला सांगायची, आमची सुला लय मर्यादेची. पुढे सार्थक झाला, तो त्यांना नाना म्हणायला लागला, मग मी पण, मग सगळी कॉलनी. मागच्या गणपतीपर्यंत आमच्या दारात दिवसातनं चारदा तरी 'नाना आहेत का?' अशी हाक यायची. आता येत नाही. का येत नाही, तेच सांगते. कोणाची भीड ठेवून सांगणार नाही, माझी स्वतःची पण नाही.

माणूस दिंडोरीकडचा. शाळा सातवीपर्यंत. नाशकात आला तो पाणीखात्याच्या पाइपांसाठी चर खोदायला, रोजंदारीवर. नऊ वर्षं खोदलं, तेव्हा कुठं कायम झाला आणि हातात चावी मिळाली. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. कमरेला लागेल एवढी उंच लोखंडी चावी, वरती आडवा दांडा. रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण काढायचं, चावी आत बसवायची, दांडा धरून फिरवायचा, की पुढच्या चार गल्ल्यांना पाणी सुटतं. पंचवटीतल्या कुठल्या बोळाला किती आटे दिले की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. इंजिनिअर लोक नकाशा घेऊन यायचे, तासभर डोकं खाजवायचे आणि शेवटी विचारायचे, "कारभारी, लाईन नेमकी कुठून गेलीय हो?"

वॉल्व्ह उघडला की पहिली चूळ आपण घ्यायची, हा त्यांचा नेम. खात्यानं असं काही सांगितलेलं नव्हतं. खात्याची बाटली होती, तिच्यात नळाचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं की पाण्यात क्लोरिन आहे असं समजायचं. तेही ते करायचे. पण आधी चूळ. तोंडात पाणी घोळवायचे, डोळे मिटायचे, मग गिळायचे. मी म्हणायची, "अहो, दारू पितायत का पाणी?" तर म्हणायचे, "बाटली चुकंल, सुला. जीभ नाय चुकायची."

आणि खरंच नाही चुकली हो. एका वर्षी भर उन्हाळ्यात त्यांनी वॉल्व्ह उघडला, चूळ घेतली आणि तसाच उलटा फिरवून बंद केला. लोक हंडे घेऊन उभे, बायका शिव्या देतायत, नगरसेवकाचा फोन, साहेब गाडी घेऊन आले. नाना चावी पोटाशी धरून झाकणावर बसले. म्हणे, पाण्याला साबण लागतोय, मी सोडणार नाय. साहेबांनी चार माणसांत त्यांची बिनपाण्यानं केली. मग खोदलं, तर गटाराचं पाणी पाइपात उतरत होतं. त्या साली शाल, नारळ मिळाला आणि त्यापेक्षा मोठं म्हणजे त्यांच्या शब्दाला वजन आलं. तो शब्द त्यांनी पुढं जन्मभर शर्टाच्या खिशाला लावल्यासारखा मिरवला.

निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातनं हे रो-हाऊस घेतलं. पंचवटीच्या पलीकडं, हायवे ओलांडून. पंधरा घरं, समोरासमोर, मध्ये रस्ता. खात्याचा नळ होता आणि कॉलनीचं बोअर होतं. बोअरचं पाणी असं खारं, की नवीन बादली आठ दिवसांत पांढरी पडायची आणि डाळ दोन तास शिजायची नाही. म्हणून ते वापरायला आणि नळाचं प्यायला. तेव्हाच सगळीकडं पाणी शुद्ध करायच्या मशीनचं खूळ निघालं होतं. मशीनवाला टाय लावून आमच्याकडं पण आला.

उज्वलाच्या ओट्यावर त्यानं बायका जमवल्या. उज्वला म्हणजे आमची भिंतीला भिंत शेजारीण. नवरा बँकेत, आणि गल्लीतल्या बातम्या सगळ्या हिच्या खात्यात जमा. तर त्या टायवाल्यानं दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, एकात मशीनचं. दोन्हीत विजेच्या तारा सोडल्या. नळाचं पाणी बघता बघता गढूळ झालं, वर तपकिरी फेस आला. मशीनचं तसंच्या तसं स्वच्छ. "अगं बाई, हे पितो आपण!" म्हणून बायकांनी तोंडाला पदर लावले. उज्वला तर पैसे आणायला उठली पण.

नाना बनियनवरच आले. म्हणाले, "थांब गं. आधी चिमटीभर मीठ आण." मशीनच्या पाण्यात मीठ टाकलं आणि त्या माणसाला म्हणाले, "आता सोड तारा." ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षा घाण झालं. "तुझ्या तारा झिजत्यात, त्याचा रंग हाय हा. पाण्यात क्षार असला की व्हतंय. घाण नाय ती."

तो माणूस खजील झाला, पण पोटासाठी हिंडणारा, हटणार कसा? म्हणाला, "काका, पण चवीत तर फरक आहे ना?"

"चवीचं मला सांगतो?" नाना भिंतीकडं तोंड करून बसले. बायकांनी पाच ग्लास भरले. नळाचं, बोअरचं, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या जारचं, मशीनचं आणि आदल्या दिवसाचं तांब्याच्या कळशीतलं. नानांनी पाचही ओळखले. मशीनच्या पाण्याला म्हणाले, "हे मेलेलं पाणी." जारचं तोंडात घेऊन हसले, "हे बोअरचंच, नुसतं गार केलंय. तीस रुपये गारव्याचे." उज्वलानं टाळ्या वाजवल्या. टायवाला आमच्याकडं चहा पिऊन गेला. त्या दिवसापासून पंधरा घरांत एकही मशीन आलं नाही, कोणी जार लावला नाही. पाणी आलं की पांढऱ्या फडक्यानं गाळायचं आणि माठात भरायचं. फुकटात गोड पाणी. मशीनला पंधरा हजार, वर दर साली त्याचं आतलं बदला, आणि एक हंडा प्यायला तीन हंडे मोरीत सोडा, हे कोणाला परवडणार होतं? मलाही त्या दिवशी लय अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू.

मग करोना आला. दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही पडलो. मी आठ दिवसांत उठले, त्यांना तीन आठवडे लागले. उठल्यावर अंगात त्राण नव्हतं, म्हणून मी पिठलं केलं, गरम गरम भाकरी दिली. त्यांनी दोनदा मागून घेतलं. मी जेवायला बसले तर पिठल्यात मीठच नाही. मी म्हटलं, "अहो, अळणी झालंय की!" तर म्हणाले, "हां, जरा कमी वाटलं." जरा? मीठ टाकलंच नव्हतं मी.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला. "झकास," म्हणाले. मला हसू आलं. आत जाऊन तोंडावर पदर धरून हसले मी. आणि मग हसता हसता कालचं पिठलं आठवलं. त्यानंतर एकदा दुपारी मी बाजारातनं आले, तर हे स्वयंपाकघरात उभे. हिंगाची डबी उघडून नाकाला लावलेली. हुंगत होते, थांबत होते, परत हुंगत होते. डोळ्यातनं पाणी वाहत होतं. मी चपला हातात घेऊन तशीच बाहेर गेले आणि दार वाजवून परत आले.

मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. डॉक्टरकडं जा म्हणायचं, तर कबूल करावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला वाटलं, काय बिघडतंय? म्हाताऱ्या माणसाची जीभ गेली, गेली. कोणाचं काय जातंय? त्याचा तेवढा मान राहू दे.

आणि मान राहिला, कारण माणूस डोक्यानं तेज. कोणी पाणी दाखवायला आणलं की ते ग्लास उजेडात धरायचे, दोन बोटांत पाणी घेऊन चोळायचे, कधी भरलं, कोणत्या टँकरचं, चहावर साय येते का, असं बोलता बोलता विचारून घ्यायचे. मग घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे. चार वर्षं असं चाललं आणि बहुतेक वेळा बरोबर निघालं. जिभेचं काम डोकं करतंय, हे फक्त मला माहीत.

सार्थकचं लग्न झालं, तेजल घरात आली. देवळ्याची पोरगी, बाप कांद्याच्या व्यापारातला. शिकलेली, इथं पतसंस्थेत नोकरीला. स्वभावानं सरळ. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "आई, तुमच्या माठातलं पाणी किती छान लागतं." नाना बाहेरनं ऐकत होते. तेव्हापासून तिच्यावर त्यांचा जीव. तिला दिवस राहिले, तेव्हा तर त्यांनी माठ बदलला, नवीन काळा माठ स्वतः खांद्यावर घेऊन आले. सगळं चांगलं चाललं होतं. इथंपर्यंत सांगायला बरं वाटतं.

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या कोपऱ्यावर केबलवाल्यांनी रस्ता खोदला. दोन दिवस मशीन धडधडलं, मग माती लोटून निघून गेले. त्यानंतर चार-पाच दिवसांची गोष्ट. तेजलला सहावा महिना. सकाळी कामाला निघताना पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"आई, पाण्याला वास येतोय."

तिला तेव्हा सगळ्याचाच वास यायचा. फोडणीचा, साबणाचा, उदबत्तीचा. सार्थक हसला, "तुला तर माझाही येतो. मलाही माठात ठेव."

"चेष्टा नाही करत मी. खरंच येतोय. नाना, तुम्ही बघा ना."

नानांनी ग्लास घेतला. दारात जाऊन उजेडात धरला. पाणी स्वच्छ होतं, हे मीही बघितलं. बोटांत चोळलं. घोट घेतला, डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी डोळे उघडले ते माझ्याकडं न बघता. "गोड हाय पाणी. काय नाय त्याला. पोटुशी बाईला देवाच्या फुलाचा बी वास येतो, पोरी. पी तू."

ती गेल्यावर मी तो ग्लास मागच्या मोरीत नेला आणि नाकाशी धरला. वास होता. लय नाही, पण होता. ओलं फडकं दोन दिवस बादलीत राहिलं की येतो, तसा. मी माठ घासला, नवीन पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. आता मला सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? ओरडायला पाहिजे होतं. शेंबड्या पोराला कळेल. मला कळत नव्हतं असं नाही.

मी चोरून पाणी उकळायला लागले. तेजलचं तेवढं, वेगळ्या पातेल्यात. दोन दिवस उकळलं. तिसऱ्या दिवशी नाना स्वयंपाकघरात आले, पातेल्यावरचं झाकण उचललं. वाफ आली. माझ्याकडं बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. ते हळूच म्हणाले, "म्हंजे तुझा बी माझ्यावर इश्वास नाय?"

तो चेहरा बघून मी गॅस बंद केला. असं झालं बघा. त्या माणसाचा चेहरा एका बाजूला आणि पोरीचा ग्लास एका बाजूला, आणि मी चेहरा निवडला.

त्याच संध्याकाळी तेजल म्हणाली, "आई, आपण जार लावू या का? बाळ होईपर्यंत. मी माझ्या पगारातनं देते." नाना ओट्यावर होते, जेवायला आत आलेच नाहीत. म्हणे, कारभाऱ्याच्या घरात विकतचं पाणी येणार, आता एवढंच बघायचं राहिलं होतं. सार्थक बापाला काही बोलला नाही, बायकोला म्हणाला, जाऊ दे ना, नाना म्हणतायत तर. शेवटी मी तिला समजवायला गेले. तिच्या केसांना तेल लावत म्हटलं, "चाळीस वर्षं पाण्यात काढलीत गं त्यांनी. ते चांगलं म्हणतात ना, मग चांगलंच असणार."

हे मी बोलले. माझ्या तोंडानं. आणि सकाळी डब्यासोबत पाण्याची बाटली भरून मीच दिली. उज्वला पण त्याच आठवड्यात ग्लास घेऊन आली होती, तिलाही नानांनी तेच सांगितलं. पंधरा घरं ते पाणी प्यायली. मीही प्यायले, नाना पण प्यायले. आम्हाला म्हाताऱ्यांना काही झालं नाही. व्हायला पाहिजे होतं.

पितृपक्षात तेजलला ताप भरला. अन्न नको म्हणाली, उलट्या सुरू झाल्या. आधी आम्हाला वाटलं, दिवसांमुळं. मग एका सकाळी ती खिडकीशी उभी होती आणि मला तिचे डोळे दिसले. हळदीत बोट बुडवल्यासारखे पिवळे. तोपर्यंत गल्लीत आणखी सहा जणांना कावीळ झाल्याचं उज्वलानं सांगितलं, तिचा स्वतःचा मुलगा त्यात होता. ते सगळे महिनाभर पथ्य करून उठले. तेजल उठली नाही, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, ही कावीळ घाण पाण्यातनं होते, इतरांना त्रास देऊन जाते, पण सातव्या महिन्यातल्या पोटुशीला जिवावरची. "घरात पाणी कोणतं पिता?" त्यांनी विचारलं. सार्थक म्हणाला, "नळाचं." नाना भिंतीला टेकून उभे होते. "उकळून?" मी खाली मान घातली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाळ गेलं. मुलगी होती. मी तिला फडक्यात गुंडाळलेली बघितली. नाक तेजलचं होतं. तेजलला तीन दिवस शुद्ध नव्हती, त्यामुळं तिला दाखवताही आली नाही.

इकडं कॉलनीत खात्याची माणसं आली, कोपऱ्यावर खोदलं. केबल टाकताना पाइपाला तडा गेला होता आणि शेजारचं गटार त्यात झिरपत होतं. त्यांनी पाइप बदलला, लाईन धुतली, तोवर टँकर दिला. कोजागरी झाल्यावर चार दिवसांनी तेजलला घरी आणलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कॉलनीत पाणी सुटणार होतं.

तुम्हाला वाटेल, आता नानांना कोण विचारणार? अहो, विचारलं. आमच्या फाटकाजवळच्या नळाशी सगळी गल्ली जमली. उज्वलानंच हिशोब लावला होता, की नानांनी बघितलं तेव्हा पाणी चांगलं होतं, तडा नंतर वाढला असणार, नाहीतर नानांना कळलं नसतं का? खात्याचा माणूस म्हणाला, आम्ही तपासलंय, बिनधास्त प्या. तर त्याच्यावर कोणाचा विश्वास नाही. "नानांना घोट घेऊ दे, मग आम्ही भरतो," उज्वला म्हणाली. तिचा मुलगा नुकताच बरा झालेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

पुढची खोली उघडी होती. आत कॉटवर तेजल पडलेली. माझी पाठ तिच्याकडं होती.

नानांनी ग्लास हातात घेतला. मला वाटलं, आता सांगतील. एवढं सगळं झाल्यावर माणूस सांगेल ना? मी मनात म्हणत होते, सांगा, बाबा, सांगा, टाका एकदाचं. त्यांनी ग्लास उजेडात धरला. बोटांत पाणी चोळलं. घोट घेतला. डोळे मिटले.

"गोड हाय," म्हणाले.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला माहीत नाही. मी ओरडले, "खोटं बोलतायत! काही कळत नाही यांना! करोनापासून चव नाही, वास नाही, मीठ कळत नाही, साखर कळत नाही! चार वर्षं नाटक चाललंय! एक जीव गेला तरी अजून डोळे मिटून घोट घेतायत!"

नळ तेवढा चालू होता. नानांनी ग्लास कठड्यावर ठेवला, सांडणार नाही असा, आणि कोणाकडं न बघता मागच्या बाजूला निघून गेले. उज्वलानं मुलाला जवळ ओढलं. मला वाटलं, मी खरं बोलले. इतक्या दिवसांनी छातीवरचा दगड उतरल्यासारखा वाटला, ते पण सांगते.

"आई."

मी वळले. तेजल दाराची चौकट धरून उभी होती. गाऊन अंगावर लोंबत होता, डोळे अजून पिवळे.

"तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो."

"मी वास येतो म्हटलं, तेव्हा? तेव्हा तुम्हाला पण येत होता?"

खोटं बोलता आलं असतं. पण तिच्यापुढं नाही आलं. मी म्हटलं, "थोडासा."

रडली असती, अंगावर धावून आली असती, तर मी तिचे पाय धरले असते. ती वळून आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. महिनाभरात सार्थकनं पाथर्डी फाट्याकडं भाड्यानं फ्लॅट घेतला. सामान लावायला मी येऊ का, असं विचारलं तर म्हणाला, नको, आहेत माणसं. नंतर फोनवर बोलता बोलता त्याच्या तोंडून निघालं, की त्या घरात सगळ्यात आधी पाण्याचं मशीन बसवलं, मग गॅस.

आता आमच्या घरात पण जार येतो. रोज सकाळी दारात वाजतो. बैल गेला अन् झोपा केला. नाना त्यावर काही बोलत नाहीत. त्या दिवसाबद्दल ते मला एकदाच बोलले. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "सांगायचं व्हतं तर आधी सांगायचं, सुला. बाळ गेल्यावर सांगून तू काय केलं?" मी म्हटलं, "तुमची जीभ, तुम्ही सांगायचं होतं." ते म्हणाले, "हां." आणि जेवले. दोघंही खरं बोललो आणि त्याचा आता काही उपयोग नाही. गल्लीतले लोक मला जास्त टाळतात, त्यांना कमी. लोक म्हणतात, त्याला बिचाऱ्याला कळतच नव्हतं, हिला तर कळत होतं ना? बरोबर आहे त्यांचं.

संक्रांतीला सार्थक आणि तेजल आले. लग्न झाल्यापासून तिची ही तिसरी संक्रांत. काळी साडी नेसली होती, अंग भरलं होतं थोडं, चेहऱ्यावर रंग आला होता. नानांच्या पाया पडली, माझ्या पडली. तिनं वाटी पुढं केली, "तिळगूळ घ्या, गोड बोला." मीही तिच्या हातावर लाडू ठेवला. नोकरी कशी चाललीय, बस मिळते का, असं मी विचारलं, तिनं सरळ उत्तरं दिली. रागानं नाही, तोडून नाही. पतसंस्थेत आलेल्या माणसाशी बोलते तशी बोलली.

लाडू जरा कडक झाला होता. तिला ठसका लागला. लागला तो थांबेना, डोळ्यांत पाणी आलं, सार्थक तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. मी पाणी आणायला उठले. दोन पावलं गेले असेन. तेवढ्यात तिनं पर्स उघडली, आपली बाटली काढली, झाकण फिरवलं आणि घटाघटा प्यायली. मग पदरानं तोंड पुसलं, बाटली परत पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली. माझ्याकडं बघून म्हणाली, "बसा आई. आणलंय मी."

मी बसले.